मुखड्यावर येताना: जी सेव्हन की जी सेव्हन सस फोर?

वडोदऱ्यातल्या मराठी कीबोर्डवाल्याचे दोन हंगाम ठरलेले. गणपतीत मंडळासमोर अभंग-भावगीतं, मग नवरात्रात गरबा. अडतं मात्र दोन्हीकडे एकाच जागी: अंतरा संपवून मुखड्यावर येताना पंचमावर कोणती कॉर्ड धरायची? सवयीने बोटं जी सेव्हनवर जातात. सस (सस्पेंडेड, म्हणजे कॉर्डच्या तिसऱ्या स्वराऐवजी चौथा घेतलेली कॉर्ड) नव्याने शिकलेला मात्र जिथे तिथे सस दाबत सुटतो.

सा पांढरी एक, म्हणजे सी, धरू; मग प होतो जी. जी सेव्हन म्हणजे प नि रे म. जी सेव्हन सस फोर म्हणजे प सा रे म. फक्त नि सोडून सा घेतला, पण तेवढ्याने स्वभाव पालटतो. सेव्हनमध्ये म आणि नि एकमेकांना खटकतात, म ला ग वर उतरायचं असतं, नि ला सा वर चढायचं असतं. म्हणून ती कॉर्ड ऐकणाऱ्याला घराकडे ढकलते. ससमध्ये नि नाही, तेव्हा ढकलणंही नाही. सा आधीच हाताखाली असतो आणि मुखडा अलगद येतो.

निवड कानाला काय गोड लागतं यावर करू नका, गायक कुठे थांबलाय ते बघा. तो सा लांबवत असेल आणि तुम्ही जी सेव्हन दाबलीत, तर त्याच्या सा ला खेटून तुमचा नि वाजतो. बेसूर कोण झालं, हे श्रोत्यांना कळत नाही, ते गायकाकडे बघतात. तिथे सस. उलट चाल नि वर टेकून सा कडे जात असेल, तर ससमधला सा त्या नि च्या आड येतो. तिथे सेव्हन. तानपुरा किंवा सूरपेटी चालू असेल तर माझा कौल बहुतेक वेळा ससला, कारण सा आणि प दोन्ही तिच्यात आहेत. केरव्यात पहिल्या चार मात्रा सस आणि पुढच्या चार सेव्हन, ही जुनी युक्ती सुंदर आहे, पण गायक आठही मात्रा सा वरच राहणार असेल तर नि वर उतरू नका, सरळ सी मेजरवर या.

जलद गरब्यात, दर दोन मात्रांना कॉर्ड बदलत असताना, एवढी नजाकत ढोलाखाली जाते. तिथे सेव्हन पुरे.

अपवाद सारंगाच्या चालींचा, आणि तो मोठा आहे. सारंगात ग नाही. अशा चालीला सा वर सी सेव्हन लावली की शुद्ध ग घुसतो आणि राग तिथेच मोडतो. ज्या गावात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून आहे, तिथे हे ऐकू येणारे कान पहिल्या रांगेत बसलेले असतात! सी सेव्हन सस फोर म्हणजे सा म प आणि कोमल नि. त्यात रे मिळवला की नाइन सस, म्हणजे मध्यमाद सारंगाचे पाचही स्वर एका मुठीत. मेघाचेही तेच. इथे सस कुठेही सोडवायची गरज नाही, तशीच वाजत राहू द्या. पाश्चात्त्य शास्त्रात चौथा स्वर तिसऱ्यावर उतरवायचा असा जुना दंडक, पण १९६०च्या दशकात जाझवाल्यांनीही तो सोडून दिला होता.

तिसरा पर्याय एफ ऑन जी: डाव्या हाताने प, उजव्याने म ध सा. सस फोरपेक्षा मोकळी, संथ भावगीताला फार शोभते. पण तिच्यात ध आहे. चालीत कोमल ध असेल तर हात लावू नका.

गिटारवाल्यांनी ए पासून सुरुवात करावी. ए सेव्हनमध्ये दुसऱ्या तारेवरचं बोट दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर नेलं की सस फोर झाली. कीबोर्डवर आधी मोड तपासा. यामाहाच्या सिंगल फिंगर मोडमध्ये मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि मायनर सेव्हन्थ एवढ्याच कॉर्ड मिळतात, सस त्यात नाही. त्यासाठी फिंगर्डवर, म्हणजे कॉर्डचे स्वर स्वतः दाबायच्या मोडवर, जावं लागतं. ऑटो साथीत एफ ऑन जी हवी असेल तर फिंगर्ड ऑन बेस. हे कार्यक्रमाआधी लावून ठेवा, स्टेजवर मेनू शोधत बसायला वेळ मिळत नाही.