ड्युअल क्लच १४ महिने, मॅन्युअल ११ महिने: दोन्ही वापरून झाल्यावर

एकाच मॉडेलची स्पोर्ट्स कार मी दोनदा घेतली. आधी सात स्पीडच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली आणि गिअर स्वतः बदलणारी, ती १४ महिने वापरली. मग ती देऊन तेच इंजिन, तेच सस्पेन्शन, पण सहा स्पीडची मॅन्युअल घेतली. तिला आता ११ महिने झाले. चांगला वेगवान गिअरबॉक्स सोडून परत क्लच दाबायला का आलास, असं ओळखीचे लोक विचारतात. ड्युअल क्लच मला आवडला नाही असं अजिबात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी त्याचीच बाजू. या गिअरबॉक्समध्ये एक, तीन, पाच, सात हे गिअर एका शाफ्टवर असतात आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर. एक शाफ्ट दुसऱ्या पोकळ शाफ्टच्या आतून जातो आणि प्रत्येकाला स्वतःचा क्लच असतो. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो. स्टिअरिंगमागचं पॅडल (गिअर बदलायची छोटी पट्टी) ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो, त्यामुळे चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. पोर्शेने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांवर हे तंत्र पारखून घेतलं. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मधून ते सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणलं, आणि २००९ मध्ये ४५८ इटालिया आली तेव्हा फेरारीने मॅन्युअलचा पर्यायच ठेवला नव्हता. आकडे बघितले की कारण कळतं. पोर्शे ७१८ केमन जीटी४ ला शून्य ते शंभर गाठायला मॅन्युअलमध्ये ४.४ सेकंद लागतात, पीडीकेमध्ये, म्हणजे पोर्शेच्या ड्युअल क्लचमध्ये, ३.९, आणि पीडीकेची गाडी ३० किलो जड असूनही.

हा अर्धा सेकंद रस्त्यावर मला क्वचितच उपयोगी पडला. उपयोगी पडलं ते डोकं मोकळं होणं. एकदा भर पावसात घाट उतरत होतो. पुढे हेअरपिन वळण, रस्त्यावरून पाण्याचा ओघळ आडवा वाहत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ब्रेक दाबता दाबता डावं पॅडल दोनदा ओढलं. इंजिनने स्वतःच रेव्ह (इंजिनच्या फेऱ्यांचा वेग) नव्या गिअरशी जुळवून घेतले आणि मागची चाकं जराही घसरली नाहीत. त्या काही सेकंदांत माझं सगळं लक्ष पाण्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या कडेवर होतं. ब्रेक कसा हळूहळू सोडत वळणात शिरायचं हे मी त्या गाडीवर शिकलो, आणि मॅन्युअलवर इतक्या लवकर शिकलो नसतो. ट्रॅकवरही तेच. गिअरची काळजी नसली की एकच वळण वीसदा वेगवेगळ्या तऱ्हेने करून बघता येतं.

तक्रारी सगळ्या कमी वेगातल्या. रांगत्या ट्रॅफिकमध्ये हा गिअरबॉक्स आतल्या आत हाफ क्लचवर चालत असतो, कारण नेहमीच्या ऑटोमॅटिकसारखा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारा भाग) त्यात नसतो. चढावर एका लांबलचक जाममध्ये पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकत होतो, ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून. वीसेक मिनिटांनी गिअरबॉक्स तापल्याचा इशारा डॅशबोर्डवर आला. चूक माझी होती. ब्रेक दाबून थांबायचं, पुढे पुरेशी जागा झाली की एकदम निघायचं, ही सवय लावून घेतल्यावर तो इशारा परत दिसला नाही. पण चढावर गाडी मागे घेताना, पार्किंगमध्ये भिंतीपासून हातभर अंतरावर, तो आधी काहीच करत नाही आणि मग एकदम धरतो. याची भीती १४ महिन्यांत शेवटपर्यंत गेली नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. पुढचा गिअर कोणता लागेल याचा अंदाज कॉम्प्युटर बांधतो, आणि कधी तो चुकतो. सहाव्यात निवांत चाललोय, ट्रकला ओव्हरटेक करायला पॅडल दोनदा ओढून चौथा मागितला, तर सहा आणि चार एकाच शाफ्टवर असल्यामुळे गिअरबॉक्सला मध्ये पाचव्याचा आधार घ्यावा लागतो. एक श्वास घेण्याएवढा थांबा. एरवी इतका झटपट असलेला हा गिअरबॉक्स नेमका तेव्हा अडखळतो, म्हणून तो थांबा जास्त जाणवतो.

तरीही मी बदल केला तो या तक्रारींमुळे नाही. ड्युअल क्लचची मजा यायला गाडी जोरात पळवावी लागते. पन्नास-साठच्या वेगात पॅडल म्हणजे एक बटण, बाकी काही नाही. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मजा यावी म्हणून मी रस्त्याला न शोभणाऱ्या वेगाला जायला लागलोय. मॅन्युअलमध्ये पन्नासच्या वेगातही करायला काम असतं: तिसऱ्यातून दुसरा टाकायचा, रेव्ह जुळवायचे, क्लच असा सोडायचा की शेजारी बसलेल्याची मान हलू नये. ते जमलं की सिग्नलपासून सिग्नलपर्यंतचं अंतरही भरल्यासारखं वाटतं. पोर्शेने २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पीडीकेत काढली होती. मग २०१६ मध्ये फक्त मॅन्युअलची ९११ आर आली, ९९१ गाड्यांपुरती, आणि २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअल परत मिळाला. लॅप टाइममध्ये, म्हणजे ट्रॅकची एक फेरी मारण्याच्या वेळेत, पीडीके पुढे आहे हे त्या ग्राहकांना ठाऊकच होतं.

मॅन्युअलचं कौतुक ऐकून डोळे मिटून घेऊ नका, कारण अर्धी मजा गिअर रेशोवर, म्हणजे कोणता गिअर किती वेगापर्यंत जातो यावर, असते. जीटी४ चा दुसरा गिअर ताशी १३० किलोमीटरच्याही पुढे जातो. म्हणजे साध्या रस्त्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याची वेळच येत नाही, आणि हातात इतका छान लिव्हर असून तो नुसता धरून बसायचं. माझ्या गाडीचे रेशो त्यापेक्षा एकमेकांच्या जवळ आहेत आणि मला ते रोज जाणवतं.

मॅन्युअलचा धोकाही खरा आहे. तिसऱ्या महिन्यात ट्रॅकवर पाचव्यातून चौथा टाकताना लिव्हर दुसऱ्याकडे गेला. क्लच अजून पायाखाली होता आणि लिव्हरच्या जागेवरून हाताला चूक कळली, म्हणून वाचलो. क्लच सोडला असता तर इंजिनचे रेव्ह लाल रेषेच्या कितीतरी वर गेले असते आणि व्हॉल्व्ह वाकले असते. अशी मागणी ड्युअल क्लच सरळ नाकारतो. त्या दिवसापासून लिव्हर मुठीत आवळत नाही, तळहाताने ढकलतो. स्प्रिंग त्याला आपोआप मधल्या रांगेत, तिसऱ्या-चौथ्याच्या समोर आणते.

सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर दुसरा गिअर जड लागतो. तेल गरम झालं की लोण्यासारखा पडतो. गाडी तापली की नाही हे आता मला काट्याआधी हाताला कळतं. रेव्ह मॅचची, म्हणजे गाडीने आपणहून रेव्ह जुळवून द्यायची, सोय या मॅन्युअलमध्येही आहे, पण मी ती बंद ठेवतो. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरून त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टोला द्यायचा, हे अंगवळणी पडायला मला चार महिने लागले. सुरुवातीला ब्रेकचा दाबच बदलायचा आणि गाडी नाक खुपसायची.

रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये जाणार असतील, डावा गुडघा दुखत असेल किंवा घरात आणखी कोणी ही गाडी चालवणार असेल, तर ड्युअल क्लच घ्या. वेट क्लच असलेला मिळाला तर उत्तम, कारण तेलात बुडालेले क्लच उष्णता जास्त सोसतात. मात्र गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले जातात का, हे वापरलेली गाडी घेताना कागदावर बघा.

टेस्ट ड्राइव्हला ड्युअल क्लचची गाडी चढावर मागे घेऊन बघा, तीही हळू, एकदा थंड असताना आणि एकदा पूर्ण तापल्यावर. मॅन्युअल असेल तर इंजिन चालू करायच्या आधी सीटवर बसून सगळे गिअर दोनदा टाका, आणि दुसरा गिअर किती वेगापर्यंत जातो हे विचारून घ्या.