बोपण्णाची सर्व्हिस: दुहेरीत पैसा वसूल, गुडघ्यांचा खर्च वेगळा

एकेरीसाठी हवी असेल तर घेऊ नका. हाताशी एवढी वजनदार सर्व्हिस असूनही भारताचा टेनिसपटू रोहन बोपण्णा एकेरीच्या क्रमवारीत 213च्या वर कधी गेला नाही (2007). एकहाती बॅकहँड खांद्याच्या वर उसळलेल्या चेंडूवर अडतो, आणि 1.93 मीटर उंचीच्या माणसाने अख्खं कोर्ट एकट्याने झाकायचं म्हणजे दमछाकच.

दुहेरीत मात्र हाच माल सोन्याचा. समोरच्याला रिटर्न नुसता आत टाकून भागत नाही, नेटवर उभ्या जोडीदारापासून लांबही न्यावा लागतो. बोपण्णाची सर्व्हिस मधल्या रेषेवर, 'टी'वर पडली की रिटर्नला कोनच उरत नसे. चेंडू मधूनच परतायचा आणि जोडीदार मॅथ्यू एब्डन आडवा येऊन तो संपवायचा. बाहेर टाकलेल्या सर्व्हिसवर हिशेब उलटतो: जोडीदाराच्या बाजूची गल्ली उघडी पडते. म्हणून नेटवरच्या जोडीदाराने पाठीमागे हात नेऊन बोटांनी केलेली खूण महत्त्वाची. ती चुकली तर ताशी 200 किमी वेगाचाही उपयोग नाही.

एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) नेहमीच्या स्पर्धांत 40-40 झालं की एकच निर्णायक गुण, आणि रिटर्न कुठल्या बाजूने घ्यायचा हे समोरची जोडी ठरवते. तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक. दोन सर्व्हिस फसल्या की सामना गेला. पुण्यातल्या बालेवाडीच्या एटीपी स्पर्धेत 2022 साली रामकुमार रामनाथनबरोबर पहिला सेट गमावूनही त्याने हा टायब्रेक 10-6 काढला; तिथलं त्याचं हे दुसरं विजेतेपद, पहिलं 2019चं, दिविज शरणबरोबर.

खोट एकच, पण मोठी: गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली. सर्व्हिसनंतर पायाशी आलेला चेंडू खाली वाकून उचलताना ती नडते. दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. उतारा सापडला अय्यंगार योगात, म्हणजे आपल्या पुण्यात घडलेल्या पद्धतीत. पट्टे, ठोकळे, खुर्ची यांच्या आधाराने भार गुडघ्यावरून काढून मांडीच्या स्नायूंवर घ्यायचा. झटपट गुण येत नाही, नेम धरावा लागतो.

पाचपैकी साडेचार, अर्धा गुडघ्यांचा कापला. 2025मध्ये तो निवृत्त झाला, त्यामुळे आता रेकॉर्डिंगच. मेलबर्नची, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनची 2024ची दुहेरीची अंतिम लढत काढा. वय 43, पहिल्या सेटचा टायब्रेक 7-0.