मुळशी की पुरंदर : घोड्यांसह राहायचे घर कुठे करावे?

पुण्यात राहून दोन-तीन घोडे बाळगणारे कुटुंब जेव्हा तीन-चार एकर घेऊन त्यांच्याजवळच राहायला जाण्याचा विचार करते, तेव्हा त्याच्यापुढे बहुधा दोन दिशा येतात : पश्चिमेला पौडच्या पुढचा मुळशी तालुका, नाही तर दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडचा पुरंदर. सातबारा, शेतकरी असल्याचा दाखला, रस्त्याचा हक्क हे सारे दोन्हीकडे सारखेच तपासावे लागते आणि ते वाचकांना ठाऊक आहे असे मी धरतो. पुरंदरात मात्र नियोजित विमानतळाच्या भूसंपादनाचा नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. आम्ही मुळशीत भाड्याच्या घरात दोन पावसाळे काढले आणि मग पुरंदरात जमीन घेतली.

राहण्याचे ठिकाण म्हणून मुळशी उजवे आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. पावसाळा सरल्यावर तिथले गवत घोड्याच्या गुडघ्याला लागते, रपेटीला सावलीच्या वाटा मिळतात आणि आम्हाला तरी तिथे पाण्याचा टँकर कधी मागवावा लागला नाही. आमच्या घरात आजही त्याच घराची आठवण निघते.

निर्णय ज्यामुळे झाला ते कारण सांगायला क्षुल्लक आहे : पॅडॉकच्या, म्हणजे घोडे मोकळे सोडायच्या कुंपणातल्या रानाच्या, फाटकाजवळचा चिखल. घोड्यांना कितीही मोकळे रान दिले, तरी चंदीची वेळ झाली की ते फाटकापाशीच येऊन उभे राहतात आणि पाय आपटत तीच चार हात जागा तुडवत राहतात. ताम्हिणीच्या अंगाला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आम्ही बरेच अलीकडे होतो, तरी जुलैत त्या जागी माझा गमबूट अर्धा आत जात असे. दोनदा मुरूम टाकला, तो पंधरवड्यात जमिनीने गिळला. जांभ्याचे चिरे अंथरले, ते तिरके होऊन अधिकच धोक्याचे झाले. घोडीचा एक नाल त्या चिखलात निघाला तो सापडलाच नाही, आणि नालबंद शहरातून यायचा, तो पावसाकडे बोट दाखवून आठवडा पुढे ढकलायचा. एका संध्याकाळी मागचा पाय उचलून आकड्याने खूर साफ करू लागलो, तर तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागातून काळा लगदा निघाला आणि त्याला कुजका वास येत होता. डॉक्टरांनी औषध दिले आणि पाय कोरडे ठेवायला सांगितले. ज्या घरात अंग पुसायचा पंचा चार-चार दिवस वाळत नव्हता, तिथे घोड्याचे चार पाय कोरडे कसे ठेवायचे, हे मला उमगले नाही. त्याच दमटपणाने वैरणीला बुरशी आली आणि घोडी खोकू लागली. उताराची जागा निवडून, आधी चर खणून आणि जाड खडीचा थर देऊन हे सारे टाळता येते, असे तिकडचे जुने लोक सांगतात. ते खरेही असेल. आमची जागा सखल होती.

पुरंदरात पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास, आणि माळ मुरमाड असेल तर रात्री सर येऊन गेली तरी सकाळी खरारा कोरड्या जमिनीवर करता येतो. मात्र कऱ्हेकाठची काळी जमीन घेतली तर तीही नाल ओढून काढते, तेव्हा नुसत्या तालुक्याच्या नावावर विसंबू नये. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते. एक घोडा उन्हात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो आणि मे महिन्यात आम्ही टँकर घेतो. ओला चारा स्वतः लावावा लागतो किंवा विकत आणावा लागतो. तबेल्यावर पत्रा घालण्याची चूक मी केली. दुपारी घोडे आत उभे राहीनात, म्हणून पुढच्याच वर्षी कौले चढवली.

शेजाराचा भागही लहान नाही. मुळशीत आमच्या भोवती शनिवार-रविवारचे बंगले होते आणि लिदीच्या वासाची व माश्यांची तक्रार दर सोमवारी येई. इकडे अंजीरवाले लीद स्वतःच उचलून नेतात, आणि खंडोबाचे वाहनच घोडा असल्याने जेजुरीच्या वाटेवर दारात घोडा दिसल्याचे कोणाला नवल वाटत नाही.

घरात राहणाऱ्या माणसांचाच विचार करायचा असेल, किंवा उताराची उत्तम जागा हाती येत असेल, तर मुळशी नाकारा असे मी म्हणणार नाही. फक्त ती जागा ऑक्टोबरात पाहून पसंत करू नये, जुलैत फाटकापाशी दहा मिनिटे उभे राहून पाहावी. पुरंदरची जागा मे महिन्यात, विहिरीत डोकावून पाहावी. आमच्या फाटकापाशी आता धूळ उडते, ती थेट स्वयंपाकघरात येते, आणि त्याबद्दल मला रोज ऐकून घ्यावे लागते.