कडकनाथच्या नावाखाली माझे 21,450 रुपये गेले

परसात कोंबड्या पाळायचा पहिलाच विचार करताय? मग आधी हे वाचा. मला लाज वाटतेय, तरी आकड्यांसकट लिहितेय.

कडकनाथ म्हणजे कातडीपासून मांसापर्यंत काळी असणारी कोंबडीची जात. दारावर आलेल्या एका विक्रेत्याकडून तिची 40 पिल्लं घेतली, 90 रुपयांप्रमाणे 3,600. 20 गावरान, "निवडून काढलेल्या माद्या", 60 रुपयांप्रमाणे 1,200. गाडीभाडं 400. पुढे अंडी तोच विकत घेणार म्हणून "नोंदणी" 2,500. खुराडं आणि जाळी 6,350. पुढे खाद्याची चार पोती, 7,400.

मी अडाणी नाही. 2019 मध्ये इस्लामपूर भागातून कडकनाथच्या नावावर हजारो शेतकरी बुडाले ते मी तेव्हाच वाचलं होतं. पण ती लाखांची गुंतवणूक, आणि माझी साठ पिल्लं. त्याने जीआय मानांकनाचा, म्हणजे एखादी गोष्ट ठरावीक भागातलीच असल्याच्या सरकारी नोंदणीचा, कागदही दाखवला. ते मानांकन 2018 मध्ये मिळालं ते मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला. या माणसाच्या खोक्यातल्या पिल्लांशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आणि ती वेळ. खोकं उघडलं, सासूबाईंनी एक पिल्लू हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, याची चोच आणि पाय गुलाबी दिसतायत की." मी त्या विक्रेत्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, मोठी झाली की काळी पडतात." मी मान डोलावली. फोन हातात होता, पैसे अजून पाठवले नव्हते. त्या दोन मिनिटांत खोकं परत करता आलं असतं. रात्री झोप लागत नाही ती त्या दोन मिनिटांमुळे.

पंधरा दिवसांत 17 मेली. लस दिलीय म्हणाला होता, कागद मात्र एकही नव्हता. सातव्या दिवशी मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस दिली का, हे तारखेसह लिहून घ्या. उरलेल्या 28 "कडकनाथां"पैकी जीभ, तुरा, कातडी सगळं काळं असलेली फक्त 9. आणि त्या 15 "माद्या" चौथ्या महिन्यात आरवायला लागल्या, सगळेच्या सगळे कोंबडे! अंड्याच्या जातीच्या हॅचरीत नर पिल्लं नकोशी असतात, कवडीमोलाने जातात, आणि रंगीत असली की गावरान म्हणून खपतात. हे मला नंतर एका पोल्ट्रीवाल्याने सांगितलं.

त्याचा फोन बंद. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे, कोंबड्यांची कसली तक्रार, माल तर मिळाला ना, ही दिवाणी बाब. पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हणाले, जातीचा दाखला आम्ही देत नाही, बिल आणा. बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते? हेल्पलाईनवर चाळीस मिनिटं थांबवलं आणि सांगितलं, पोलिसांत जा. चार वेळा गेले, एसटीचं भाडं वेगळंच, हातात अर्जाची पोच तेवढी आहे.

कडकनाथचं अंडं काळं असतं असं सांगणारा खोटं बोलतोय. ते फिकट तपकिरी असतं. शिवाय ही कोंबडी खुडूक नीट बसत नाही, पिल्लं काढायची तर घरची गावरानच हवी. पहिल्यांदा घेत असाल तर सहा-सात तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या) घ्या, त्याही ज्याचं खुराडं डोळ्यांनी पाहिलंय त्याच्याकडून. नाहीतर पुण्यातल्या खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा. आगाऊ नोंदणी मागितली की तिथूनच परत फिरा.

त्याचा नवा नंबर काल एका जाहिरातीत दिसला. फोटो तेच, भाव आता 110. तो घेऊन सोमवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे.