चातुर्मासात बदललेली वेबसाइट: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही आमच्या सांगलीच्या मंगल कार्यालयाची वेबसाइट नव्याने केली. आता जून २०२५ आहे, म्हणजे लग्नाचा एक अख्खा हंगाम नव्या साइटवर काढून झाला. गूगलवरून येणारी गिऱ्हाइकं साइट बदलल्यावर जातात का, गेली तर परत येतात का, हे मी सुरुवातीला बऱ्याच जणांना विचारलं होतं. प्रत्येकाने वेगळंच सांगितलं, म्हणून आमच्याकडे जे झालं ते लिहितेय.

जुनी साइट २०१६ ची, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरची, ७० च्या आसपास पानांची. मोबाइलवर मेनू अर्धा बाहेर जायचा आणि फोटो उघडेपर्यंत माणूस कंटाळायचा. तरी 'मंगल कार्यालय सांगली' शोधलं की आम्ही वरच्या तीन-चारांत असायचो. त्यामुळे हात लावायची भीतीच वाटायची. शेवटी आण्णांनी (माझे सासरे, कार्यालय त्यांनीच उभं केलं) तोडगा काढला: "देव झोपलेत तोवर उरका." आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नसतात. हॉल डोहाळजेवणं, बारशी, वाढदिवस यांवरच चालतो. २०२४ ला कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे घसरण झालीच तरी सावरायला तीन महिने हाताशी होते. सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच, आणि तो कॉम्प्युटरला हात न लावणाऱ्या माणसाचा.

डिझायनर ओळखीतला होता. डिझाइन खरंच छान केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने सगळ्या लिंक बदलल्या. जुन्या लिंक देवनागरीत होत्या, त्या इंग्रजी अक्षरांत केल्या आणि जुन्या लिंकवर येणारा प्रत्येक जण सरळ होमपेजवर जाईल अशी सोय करून दिली. वरवर पाहता काहीच मोडलेलं दिसत नाही, कुठलीही जुनी लिंक उघडा, साइट उघडते. पण मुंजीसाठी हॉल शोधणारा होमपेजच्या सरकत्या फोटोंवर येऊन पडला तर तो तिथे काय करणार? गूगललाही हे पटत नाही. वेगवेगळ्या विषयांची पानं सरसकट होमपेजकडे वळवली की ती 'सॉफ्ट ४०४' धरली जातात, म्हणजे पान गायबच झालं असं. दोन आठवड्यांत सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट शोधात कशी दिसते, किती क्लिक येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) तसा ढीग दिसायला लागला आणि क्लिक निम्म्यावर आले.

मग प्रत्येक जुनी लिंक तिच्या जोडीच्या नव्या पानाकडे वळवायला मी स्वतः बसले. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचं सॉफ्टवेअर फुकटात ५०० लिंकपर्यंत साइट चाळून देतं, आमच्यासारख्याला तेवढं भरपूर. पण ते नवी साइट चाळणार, जुनी तर तोवर उतरवलेली. जुन्या लिंकची यादी मला तीन ठिकाणांहून गोळा करावी लागली: सर्च कन्सोलचा एक्सपोर्ट (एका वेळी १००० ओळी मिळतात), वेबॅक मशीन या जुन्या साइटच्या प्रती साठवणाऱ्या संग्रहातली आमच्या साइटमॅपची (साइटवरच्या लिंकच्या यादीची) प्रत, आणि होस्टिंगवर पडून राहिलेला एक बॅकअप. साइट बदलायच्या आदल्या दिवशी जुनी साइट अशी चाळायला अर्धा तास दिला असता तर हे तीन दिवस वाचले असते.

आता देवनागरी लिंकची गंमत, कारण ही माहिती मला कुठेच सापडली नाही. ब्राउझरमधून देवनागरी लिंक कॉपी केली की ती टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन येते. एका अक्षराची नऊ चिन्हं, आणि काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण हीसुद्धा वेगवेगळी अक्षरंच. वर्डप्रेस लिंकचा हा भाग २०० चिन्हांवर कापतं, म्हणजे जेमतेम २२ देवनागरी खुणा. आमच्या 'डोहाळजेवण आणि बारशासाठी छोटा हॉल' या पानाची लिंक 'बारशासाठी'लाच संपली होती. पानांच्या शीर्षकांवरून मी यादी बनवत होते, त्यामुळे अशा सात-आठ लिंक चुकल्या.

दुसरा घोळ .एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये. कुठली लिंक कुठे वळवायची याचे नियम सर्व्हरवर या फाइलमध्ये लिहितात. तिथे मी टक्क्यांची ती माळ जशीच्या तशी चिकटवली आणि एकही लिंक वळेना. कारण आमची साइट ज्यावर चालते तो अपाचे सर्व्हर लिंक आधी उलगडून पुन्हा देवनागरी करतो आणि मग नियमाशी ताडतो, म्हणून नियम सरळ देवनागरीतच लिहावा लागतो आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी नीट राहील अशा पद्धतीत) जतन करावी लागते. तसं केल्यावर सगळं चाललं, फक्त 'वऱ्हाडासाठी खोल्या' सोडून. दोन रात्री त्यात गेल्या! त्यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साधा र, पाय मोडून, मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. जुनी लिंक एका पद्धतीची, माझा कीबोर्ड दुसऱ्या. त्यानंतर एकही लिंक हाताने टाइप केली नाही, सगळ्या बॅकअपमधून उचलल्या.

मग मुळात लिंक बदलायलाच नको होत्या का? गूगलमधल्या क्रमांकासाठी बदलायची काहीच गरज नव्हती, आज मी तशाच ठेवल्या असत्या. पण एक कबूल करते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती टक्क्यांची माळ पाठवली की लोकांना फसवणुकीची लिंक वाटायची. एका वधूपित्याने तर फोन करून "तुमचा नंबर हॅक झालाय का" असं विचारलं. नव्या लिंक त्या बाबतीत बऱ्या.

सगळ्यात मोठा फटका मात्र मुहूर्तांच्या पानाने दिला. आण्णा दरवर्षी पंचांगातून लग्नाचे आणि मुंजीचे मुहूर्त काढून साइटवर टाकायला लावायचे. डिझायनरला ते पान जुनाट वाटलं, "हे कोण वाचतं" म्हणून त्याने ते गाळलं. मीही मान डोलावली. नंतर आकडे उघडले तर होमपेजच्या खालोखाल सर्वांत जास्त लोक तिथूनच येत होते! मुहूर्त बघायला येणारा त्याच बैठकीत हॉलची तारीखही विचारतो, हे काउंटरवर बसणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. पान परत टाकलं. पूर्वी दर वर्षाची लिंक वेगळी असायची, आता एकच कायमची लिंक केली, तीत साल नाही आणि आतली यादी बदलत राहते. जुन्या सगळ्या सालांच्या लिंक तिकडे वळवल्या. बाकीची पानं पाच-सहा आठवड्यांत जागेवर आली, याला जानेवारी उजाडला.

भाड्याच्या पानाचंही तसंच. दर आणि सोयी पूर्वी साध्या मजकुरात होत्या, नव्या साइटवर त्यांचं सुंदर चित्र झालं. चित्रातल्या अक्षरांवर शोधात भरवसा ठेवता येत नाही, आणि मोबाइलवर ती वाचताही येत नव्हती. मजकूर परत टाइप करायला घेतला तर छापखान्याने दिलेली फाइल श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये), चिकटवली की नुसता गिचमिडा. शेवटी हातानेच टाइप केलं.

किरकोळ बाबी पटकन सांगते. चाचणीच्या वेळी वर्डप्रेसमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये' अशी टिक केलेली असते, ती आमच्याकडे चार दिवस तशीच राहिली होती. नवी साइट चढवली की सगळ्यात आधी ती बघा. 'मुक्त' नावाच्या फॉन्टची सातही वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) लोड होत होती, दोन ठेवली आणि पान झटकन उघडायला लागलं. सर्च कन्सोलमधलं 'पत्ता बदल' हे साधन डोमेन बदललं तरच कामाचं, आपल्यासाठी नाही. लिंक वळवण्यासाठी रीडायरेक्शन हे वर्डप्रेसला जोडायचं फुकटचं प्लगिन नंतर घेतलं आणि सगळे नियम त्यात हलवले. कुठल्या जुन्या लिंकवर अजून लोक येतात हे ते दाखवतं, फक्त त्याची नोंदवही आठवड्याने पुसली जाईल असं ठेवा, नाहीतर डेटाबेस फुगतो.

या सगळ्या पडझडीत गूगल मॅप्सवरची आमची जागा जवळपास हललीच नाही, फोन तिथून येत राहिले. त्यानेच आम्हाला तारलं. तिथेही एक चूक होतीच: साइटच्या तळाशी डिझायनरने मोबाइल नंबर टाकला होता आणि गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर (मॅप्सवर दिसणाऱ्या आमच्या माहितीत) ०२३३ चा लँडलाइन. दोन्हीकडे एकच केला.

आता आकड्यांचं. मे महिन्यात डिझायनरने आलेख पाठवला: गेल्या मेपेक्षा क्लिक दुपटीहून जास्त. आण्णा आलेख बघून हसले. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त होता, मुहूर्तच जवळजवळ नव्हते, तर शोधणार कोण? मी फेब्रुवारीशी फेब्रुवारी ताडून पाहिला. सर्च कन्सोल १६ महिन्यांचंच ठेवतं, त्यामुळे तो जेमतेम हाती लागला. फरक थोडासाच, पण वरच्या बाजूला. चौकशीचे फॉर्म मात्र नक्की वाढले, कारण फॉर्म आता मोबाइलवर भरता येतो. पैसे वसूल झाले का विचाराल तर हो. पण तेवढ्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरची झोप घालवायची गरज नव्हती.

वळवलेल्या लिंक किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. आमच्या त्याहून जास्त राहणार. लोक लग्नपत्रिकेवर आमच्या नकाशाच्या पानाचा क्यूआर कोड छापतात, आणि जुना कोड काही छापखान्यांनी आपल्या नमुन्यात कायमचा बसवून ठेवलाय. गेल्या आठवड्यात जयसिंगपूरहून आलेल्या पत्रिकेवर तोच होता. स्कॅन केला, क्षणभर थांबला, आणि नव्या साइटवरचा नकाशा उघडला.