भात कोमट, बांगडा आंबट

आई सोमवारी आणि गुरुवारी मासळी खात नाही, म्हणून बुधवार गाठला आणि म्हापशाहून गोव्यातल्याच आसगावला गेलो. जुन्या कौलारू घराच्या पडवीमागे हे जपानी रेस्टॉरंट आहे. एक लांब लाकडी फळी, तिच्यासमोर आठ खुर्च्या आणि पलीकडे एकच शेफ, मणिपूरचा. ऑक्टोबर चालू होता, बाजारात बांगड्यांच्या राशी लागल्या होत्या.

आई ७१ वर्षांची. कल्ले उघडून पाहिल्याशिवाय बांगड्याचे पैसे न देणारी. सुशी म्हणजे कच्चे मासे, एवढंच तिला माहीत होतं. माझाही अनुभव चांगला नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या बुफेत सुशी खाल्ली होती. फ्रीजमधून काढलेला गार भात, दाणा अन् दाणा कडक, वर माशाची चकती. त्यानंतर पुन्हा वाट्याला गेले नव्हते.

आम्ही सातलाच पोचलो, म्हणून भात कालवताना बघायला मिळाला. परातीएवढ्या रुंद, उथळ लाकडी भांड्यात वाफाळता भात ओतला, त्यावर विनेगर, साखर आणि मीठ यांचं पाणी शिंपडलं. मग शेफ चपट्या लाकडी पळीने तो कापल्यासारखा वरखाली करत राहिला, शेजारची मुलगी हातपंख्याने वारा घालत होती. ढवळला तर दाणा मोडतो आणि लगदा होतो, असं तो म्हणाला. तांदूळ आखूड दाण्याचा, चिकट. आपल्या उकड्याचं इथे काहीच चालणार नाही. आणि हे मला त्या दिवशी कळलं की सुशीचं नातं आधी या आंबट भाताशी आहे, माशाशी नंतर.

पहिला घास आला. चणक माशाचा पातळ काप, खाली बोटाएवढा भात. आईने बघितलं आणि माझ्या कानाशी आली, "बाये, हें शिजूंक ना." तरीही उचलला, अर्धा चावला आणि उरलेला भात ताटलीत सांडला. शेफने हसून सांगितलं, अख्खा एकदम तोंडात घाला, आणि काड्या नको असतील तर हाताने खा, जपानमध्येही हाताने खातात. आईच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला. एकोणिसाव्या शतकात एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर हे घास विकायचे तेव्हा ते आताच्या दुप्पट-तिप्पट मोठे असायचे, हेही त्याने सांगितलं. आताचा घास बरोब्बर तोंडभर.

दुसऱ्या घासाला मी डोळे मिटले. भात कोमट होता, आपल्या तळहाताएवढाच. वरचा मासा गार. दोन्ही जिभेवर एकत्र आले आणि भात आपोआप सुटा झाला. बुफेत काय चुकलं होतं ते तेव्हा समजलं. हा पदार्थ ठेवून द्यायचा नाहीच, समोर आला की खायचा.

भात आणि मासा यांच्यामध्ये वसाबीचा, म्हणजे हिरव्या झणझणीत चटणीचा, ठिपका असतो. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "ही फेसलेली मोहरी!" अगदी तोच झणका, जिभेला कमी, नाकाला जास्त. खरी वसाबी नव्हती. रंगवलेली हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ) आहे, हे विचारल्यावर शेफने सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

माणकीवर, म्हणजे स्क्विडवर, बारीक चिरा दिल्या होत्या, त्यामुळे ती रबरासारखी लागली नाही. कोळंबी ठीक.

मग बांगडा आला. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. आधी मिठात, मग विनेगरमध्ये मुरवलेला, कातडीवरचे निळे-काळे पट्टे तसेच, मांस कडेला पांढुरकं आणि आत गुलाबी. जपानी लोक याला शिमे-साबा म्हणतात. वर किसलेलं आलं. तेलकट मासा, त्यावर आंबट धार आणि शेवटी आल्याचा तिखटपणा. वास अजिबात नाही. तिरफळ घातलेल्या हुमणाशिवाय, म्हणजे नारळाच्या आमटीशिवाय, बांगडा खायचा नसतो असं मानणाऱ्या आईने आणखी एक मागितला. मासा मालीम जेटीवरून येतो. मीठ-विनेगरने किडे मरत नाहीत, म्हणून मुरवण्याआधी तो उणे २० अंशांवर सात दिवस गोठवतात. हे आईने खोदून खोदून विचारून घेतलं, मगच दुसरा घास तोंडात घातला.

सगळंच गोड नाही. मेयोनीजने माखलेले रोल मागवू नका, त्यात भाताची चवच मरते. खुर्च्या उंच आणि पाठ नसलेल्या, तासाभरात आईची कंबर धरली. बारा घासांच्या ताटाला माणशी २,४०० रुपये, वर कर. दोन घासांमध्ये खायचं लोणच्याचं आलं मात्र हवं तेवढं देतात.

जायचं तर आधी फोन करा आणि सातचीच वेळ मागा, भात ताजा असतो. बांगडा आहे का तेही विचारून घ्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत शेफ तो ठेवत नाही.