खारघर की घोडबंदर: आधी रस्ता की आधी इमारत?

मुंबईत परवडत नाही हे एकदा मान्य केलं की बऱ्याच जणांची घरशोधणी दोन दिशांना फुटते. एक खाडी ओलांडून खारघरला, दुसरी ठाण्याच्या पुढे घोडबंदर रोडला. माहितीपत्रकात दोन्हीकडे चित्र तेच: मागे हिरवा डोंगर, पुढे निळा पोहण्याचा तलाव. पण दोन्ही ठिकाणं वसली ती अगदी वेगळ्या रीतीने, आणि तो फरक रोज सकाळी फाटकाबाहेर पाय टाकताच जाणवतो.

खारघर आधी नकाशावर काढलं गेलं. मार्च १९७० मध्ये शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा पट्टा नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, मुक्रर झाला. सेक्टर, नाले, रुंद रस्ते आधी आखले, इमारती मागाहून आल्या. म्हणून इथे फुटपाथ आहे. आई-वडील सोबत राहणार असतील तर या एका गोष्टीला मी बाकी दहा सोयींपेक्षा जास्त गुण देईन. खारघरच्या सेंट्रल पार्कएवढी ऐसपैस मोकळी जागाही घोडबंदरला सापडणार नाही.

पण आखलेलं वेळेवर मिळतंच असं नाही. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ साली सुरू झालं. ती धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. मार्ग केवढा? जेमतेम ११ किलोमीटर! ती येईपर्यंत आतल्या सेक्टरांतल्या लोकांनी बारा वर्षं रिक्षावाल्यांशी घासाघीस केली, कारण हार्बर लोकलचं स्टेशन वस्तीच्या एका टोकाला, सायन-पनवेल महामार्गाच्या बाजूला आहे.

घोडबंदरचं उलट. रस्ता जुनाच, पण कारखाने आणि शेतांचा. कोलशेत-माजिवड्याकडच्या कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उठले, मग कावेसर, ओवळ्याच्या शेतांवर. वाहतुकीचा विचार त्यानंतर. त्यात हा रस्ता एकट्या रहिवाशांचा नाहीच: न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनरही इथूनच जातात. गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की कासारवडवलीच्या माणसाचा दिवस तिथेच संपला. ठाणे स्टेशनवरून फास्ट लोकल चांगली मिळते, हा युक्तिवाद खरा आहे. फक्त त्या स्टेशनापर्यंतचे नऊ-दहा किलोमीटर हिशेबात धरा.

डोंगराचं काय? घोडबंदरच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि येऊर आहे. या जंगलाला कायद्याचं कुंपण असल्याने तुमच्या खिडकीतली हिरवळ टिकण्याची शक्यता जास्त. बिबट्या मात्र कुंपण मानत नाही. संध्याकाळी मुलांना जंगलाकडच्या भिंतीजवळ एकटं सोडू नका. नवी मुंबईत याच्या उलट घडलं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गाव-पाडे उठवले. खारघरचा डोंगर आणि पांडवकडा धबधबा अजून जागेवर आहेत, पण ‘नियोजित’ या शब्दात निसर्गही नियोजनाप्रमाणे हलवता येतो असा अर्थ दडलेला असतो, हे विसरू नये.

पाण्यात दोघांना सारखेच गुण, म्हणजे कमी. एप्रिल-मे महिन्यांतली टँकरची बिलं सोसायटीकडे मागून बघा.

कागदपत्रांत मात्र फरक मोठा. खारघरला जमीन बहुतेक सिडकोने मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली, त्यामुळे घर विकताना-घेताना हस्तांतरण शुल्क आणि परवानगी यांचे सध्याचे नियम आधी विचारा. प्लॉट ‘साडेबारा टक्क्यां’चा, म्हणजे जमीन गेलेल्या शेतकऱ्याला परत मिळालेला असेल, तर मूळ वाटपपत्र आणि सर्व वारसांच्या सह्या पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. गावठाणातली स्वस्त इमारत दिसली तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहण्याची परवानगी देणारा दाखला, मागा. नसेल तर विषय तिथेच मिटतो. घोडबंदरला सातबाऱ्यावर ‘खासगी वन’ (खासगी मालकीची, पण कायद्याने वन ठरवलेली जमीन) असा शेरा नाही ना, हे वकिलाकडून तपासून घ्या. मुलुंड-ठाण्यातल्या हजारो घरमालकांची झोप या शेऱ्याने उडवली होती. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना दिलासा मिळाला.

माझा कौल? नोकरी ठाण्यात किंवा बोरिवली-अंधेरीकडे असेल तर घोडबंदर, पण शक्यतो मानपाड्याच्या अलीकडे, ठाण्याच्या बाजूला. त्यापुढचा प्रत्येक थांबा स्वस्त का आहे, ते सकाळी साडेआठला कळतं. नवी मुंबई, पनवेल किंवा कुर्ल्यापर्यंत हार्बरने जाता येईल अशी नोकरी असेल तर खारघर, डोळे झाकून नव्हे, पण बऱ्यापैकी निश्चिंतपणे.

घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, बिल्डर तेव्हाच बोलावतो. घोडबंदरला जुलैतल्या एखाद्या मंगळवारी जा, भर पावसात, आणि कासारवडवली ते माजिवडा किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. खारघरच्या तळोज्याकडच्या सेक्टरांत रात्री दहानंतर जा. बाल्कनीचं दार उघडा आणि औद्योगिक वसाहतीकडून वारा येईपर्यंत थांबा.